हलक्या शिंगांचा नर

आयुष्यात एकदा तरी मोठी शिकार करायची, आणि ती स्वस्तात करायची, असं लोरेन्झ हुबमानने ठरवलं. यातला पहिला भाग ऑबरलिंडाख गावातल्या कुठल्याही शिकाऱ्याने ठरवला असता. दुसरा फक्त लोरेन्झच ठरवू शकत होता.

तो नगरपालिकेच्या पाणीपट्टी विभागात होता आणि तुलना हा त्याचा धर्म होता. गावात कुणाला गवत कापायचं यंत्र घ्यायचं असलं की तो आधी लोरेन्झकडे यायचा. लोरेन्झ सहा दुकानांचे भाव काढायचा, त्यात पेट्रोलचा खर्च मिळवायचा, दुकानदाराच्या स्वभावाचे दोन-चार युरो वजा करायचा आणि निर्णय द्यायचा. तो निर्णय कधी चुकला नाही, हे त्याचे शत्रूसुद्धा कबूल करायचे. रोझविताशी लग्न झाल्यावर मधुचंद्राला दोघं ज्या तळ्याकाठी गेले, तेही चार तळ्यांमधून निवडलेलं होतं. तळं सुंदर होतं. फक्त त्यात पाणी जरा कमी होतं.

गावाजवळच्या रानात लहान चणीची हरणं होती, रानडुकरं होती, पण डोक्यावर झाड घेऊन हिंडणारा मोठा नर तिथे नव्हता. तो बघायचा तर बाहेर जायला हवं. रोझविताने परवानगी दिली, पण रकमेचा आकडा स्वतः सांगितला.

"एवढे तुझे," ती म्हणाली. "यापुढे जे जातील ते माझ्या स्वयंपाकघरातून जातील, लक्षात ठेव."

स्वयंपाकघराची गोष्ट गंभीर होती. त्या घरातल्या कपाटाचं दार गुडघ्याने दाबून धरल्याशिवाय लागत नव्हतं आणि चमच्यांचा खण उघडायला कमरेचा धक्का लागायचा. सत्तावीस वर्षांच्या संसारात रोझविताने तो धक्का इतक्या वेळा दिला होता, की लग्नसमारंभात नाचतानाही ती मधूनच एका बाजूला झुकायची. नवं स्वयंपाकघर पसंत झालं होतं, हप्ता भरला होता, आणि उरलेली रक्कम बँकेत शिकारीच्या रकमेला चिकटून बसली होती.

लोरेन्झ कामाला लागला आणि बातमी 'काळं अस्वल' खानावळीतल्या शिकाऱ्यांच्या टेबलावर पोचली. तिथे सल्ल्याला पैसे पडत नाहीत.

"नामिबियाला जा," जनावरांचे डॉक्टर त्साइटलर म्हणाले. "रोजचा खर्च इथल्या लॉजपेक्षा कमी. कुडू हरिण मार, खा, पी, उन्हात बस."

"आणि शिंगं घरी कशी आणायची?"

डॉक्टरांनी बिअरचा लांब घोट घेतला. "ती येतात मागाहून."

"किती मागाहून?"

"माझी अजून यायचीयत," डॉक्टर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

लोरेन्झने खोलात जाऊन शोध घेतला. शिंगं उकळायची, औषधात बुडवायची, त्यांना रोग नसल्याचा दाखला काढायचा, पेटी बनवायची, विमानात चढवायची आणि जकातीतून सोडवायला एक माणूस नेमायचा. मेलेल्या कुडूचं भाडं जिवंत लोरेन्झच्या भाड्यापेक्षा जास्त भरत होतं, आणि कुडूला वाटेत जेवणसुद्धा मिळणार नव्हतं.

"कॅनडा!" पांक्राट्स खाटीक म्हणाला. तो लोरेन्झचा शाळेपासूनचा मित्र, आणि सगळं जग किलोमागे बघणारा. "एक मूस हरिण म्हणजे दोन बैलांचं मांस. किलोचा भाव काढ, लाजशील."

भाव काढला. मूस खरोखरच स्वस्त होता, पण जिथे तो राहत होता तिथे रस्ता नव्हता. छोट्या विमानाने जायचं, विमानवाला वजनावर पैसे घेणार, आणि मांस युरोपात आणायला बंदी.

"मग ते एवढं मांस खायचं कुणी?" पांक्राट्सने कळवळून विचारलं.

"विमानवाल्याने," लोरेन्झ म्हणाला. पांक्राट्सने कानांवर हात ठेवले. व्यवसायातल्या माणसाला असलं ऐकवत नाही.

अलास्काचा आकडा लोरेन्झने लिहिला आणि रोझविता खोलीत येताच त्यावर कॉफीचा कप ठेवला. स्कॉटलंड परवडण्यासारखं होतं, पण तिथे पावसात चिखलातून पोटावर सरपटत हरणाजवळ जायचं असतं. शिकार स्वस्त, नंतरचं गुडघ्याचं ऑपरेशन महाग. तो खर्च लोरेन्झने प्रामाणिकपणे बेरजेत धरला. किर्गिझस्तानात डोंगरी बोकड होते आणि घोडाही मिळत होता. मात्र घोड्याचं जाण्याचं भाडं वेगळं, येण्याचं वेगळं, आणि येताना घोडा नको असल्यास आधी कळवावं अशी सूचना होती. ती वाचून लोरेन्झने किर्गिझस्तानवर काट मारली.

कागदाला कागद चिकटवत तो तक्ता झोपायच्या खोलीतून निघून न्हाणीघराच्या दारापर्यंत गेला. मान्य करायलाच हवं, काम सुरेख होतं. प्रत्येक देशाला वेगळा रंग. बक्षिशी किती द्यायची, जखमी होऊन पळालेल्या जनावराचे किती कापतात, नुसत्या सोबत आलेल्या बायकोला दिवसाला किती पडतात, सगळं त्यात होतं. डॉक्टर त्साइटलर एका रविवारी मुद्दाम तो बघायला आले, भिंतीच्या कडेकडेने चालत शेवटपर्यंत गेले, आणि न्हाणीघराच्या दाराशी त्यांनी टोपी काढली.

आणि अखेर उत्तर सापडलं. हंगेरी! तिथे नराची किंमत शिंगांच्या वजनावर ठरते. शिंगं उकळून, एक दिवस वाळवून, सरकारी माणूस वजन करतो. पाच किलोपर्यंत एक ठरलेली रक्कम. पुढे दर दहा ग्रॅमला वाढ. आणि दहा किलोंच्या वर गेलं की त्या वरच्या वजनाचा दर दुप्पट.

"म्हणजे हलका नर मारायचा!" लोरेन्झने टेबलावर हात आपटला. "किंमत माझ्या हातात! जगात दुसरीकडे कुठे असं आहे? फक्त लांबून बघून वजन ओळखता आलं पाहिजे."

"ते लोकांना आयुष्यभर जमत नाही," डॉक्टर म्हणाले.

"लोकांनी सराव केला नसेल," लोरेन्झ म्हणाला.

त्याने सराव केला. स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत घालून तो घरोघर फिरू लागला. रस्त्याच्या पलीकडून दुर्बिणीने बैठकीतली शिंगं बघायची, वजन कागदावर लिहायचं, मग दार वाजवून म्हणायचं, "माफ करा, तुमच्या आजोबांचं हरिण जरा खाली काढू का?" नोटरीबाईंच्या घरावर दुर्बीण रोखल्यामुळे पोलिसांना यावं लागलं. पोलीस शिकारीच निघाला, त्याने आपल्या घरची शिंगं बघायला बोलावलं. शाळेच्या मुख्याध्यापकांकडे एक जोडी हातातून सुटून माशांच्या टाकीत पडली. मासे वाचले. लोरेन्झचा अंदाज मात्र दिवसेंदिवस असा अचूक होत गेला, की शेवटी मुख्याध्यापक स्वतः ओला पायजमा पिळत म्हणाले, "हुबमान, मानलं तुम्हाला."

मग बंदुकीचा पासपोर्ट. परदेशात बंदूक न्यायची तर तिचा वेगळा पास लागतो. कचेरीतल्या बाईंनी दोन फोटो आणायला सांगितले होते. लोरेन्झने बंदुकीचे दोन्ही बाजूंनी काढलेले उत्तम फोटो पुढे ठेवले.

"तुमचे हवेत," बाई म्हणाल्या.

"पण पास तिचा आहे ना?"

"हो, पण चेहरा तुमचा."

तो आपले फोटो काढायला गेला. फोटो काढून परत येईपर्यंत बाई सुट्टीवर गेल्या होत्या, आणि त्यांच्या जागी बसलेल्या गृहस्थांना चेहरा थोडा उजवीकडे वळलेला वाटला. तिसऱ्या खेपेला पास मिळाला. त्यातला लोरेन्झ एखाद्या फरारी गुन्हेगारासारखा दिसत होता आणि त्याच्या नावाखाली बंदुकीचं नाव सुबक अक्षरात होतं.

सप्टेंबरात नर ओरडायला लागतात तेव्हा तो, रोझविता आणि पांक्राट्स असे तिघे मोटारीने हंगेरीतल्या शोमोज भागात पोचले. पांक्राट्स बंदूक न घेता, नुसता खायला आला होता. रोझविता शिकाऱ्याची मुलगी. तिने बंदूक कधी धरली नाही, पण गावच्या पथकात ती शिकारीचं शिंग वाजवायची, आणि ते पितळी शिंग तिने मोटारीच्या मागच्या खिडकीत ठेवलं होतं.

शिकारघराची व्यवस्था इलदिको नावाच्या उंच, हसऱ्या बाई बघत होत्या. रानातला वाटाड्या म्हणजे बेर्त्सीकाका.

"पाच किलो," लोरेन्झने त्यांना हाताची बोटं दाखवून बजावलं. "पाचच्या वर मला नर दिसतच नाही असं समजा."

"साहेब, लोक इथे मोठा मागायला येतात," बेर्त्सीकाका म्हणाले. "तुम्ही पहिले."

"मी तुलना केलीय," लोरेन्झ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना तिघे मचाणावर बसले होते: काका, लोरेन्झ, आणि सोबत्याचे पैसे भरलेत तर बसणारच म्हणून रोझविता. समोर कापलेल्या मक्याचं शेत, पलीकडे ओकचं रान. रान ओरडत होतं. तो आवाज छातीत येऊन बसतो, कानापर्यंत नंतर पोचतो. रोझविताने नकळत लोरेन्झची बाही धरली.

रानाच्या कडेला एक नर आला. काकांनी कुजबुजून सांगितलं, "हा तुमचा. पाच. मारा."

लोरेन्झने मारलं नाही. काकांच्या शब्दावर एवढी रक्कम सोडायला तो काय वेडा होता? त्याने दुर्बीण लावली. बुंध्याची जाडी, फाट्यांची लांबी, नोटरीबाईंच्या आजोबांच्या जोडीपेक्षा थोडी कमी, मुख्याध्यापकांच्या जोडीपेक्षा थोडी जास्त. चार किलो नऊशे! त्याने समाधानाने दुर्बीण खाली ठेवली, चष्मा पुसला, बंदूक उचलली, श्वास सोडला.

एवढ्यात तो नर दोन पावलं चालून झुडपाआड गेला होता, आणि त्याच जागी, ओकच्या लोंबत्या फांद्यांत डोकं घालून, दुसरा येऊन उभा राहिला होता. शिंगं पानांत. दिसत होती फक्त छाती.

रोझविताला दिसलं. तिने लोरेन्झला जोरात कोपर मारलं.

आता सत्तावीस वर्षं रोझविताच्या कोपराचा एकच अर्थ होता: आटप लवकर. दुकानात, पाहुण्यांकडे, चर्चच्या दारात, सगळीकडे. लोरेन्झ आज्ञाधारक नवरा होता. त्याने बार काढला.

नर जागीच कोसळला आणि त्याच्याबरोबर ओकच्या निम्म्या फांद्या खाली आल्या.

"मी थांब म्हणत होते," रोझविता म्हणाली.

बेर्त्सीकाका खाली उतरले, चालत गेले, फांद्या बाजूला केल्या आणि उभेच राहिले. मग त्यांनी टोपी काढली.

लोरेन्झ पोचला तेव्हा त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "अरे देवा". ती शिंगं नव्हती, ते फर्निचर होतं. बुंधा त्याच्या मनगटाहून जाड, टोकांना दोन्हीकडे फाट्यांचे मुकुट. सरावलेल्या डोळ्यांनी त्याला नको असताना उत्तर दिलं: दहाच्या वर. काकांनी रीतीप्रमाणे नराच्या तोंडात शेवटचा घास म्हणून डहाळी ठेवली, दुसरी डहाळी टोपीवर ठेवून लोरेन्झपुढे धरली आणि शिकाऱ्यांच्या रीतीने अभिनंदन केलं, "वाइडमान्सहाइल! चाळीस वर्षं मी इथे आहे, साहेब. असा दुसरा नाही बघितला."

"पुन्हा नीट बघा," लोरेन्झ क्षीण आवाजात म्हणाला.

रोझविता मोटारीकडे गेली आणि आपलं पितळी शिंग घेऊन आली. नर पडला की त्याच्या मानाचे सूर वाजवायचे असतात. ती त्याच्या डोक्याशी उभी राहिली आणि वाजवू लागली. संथ, लांब सूर रानावरून गेले आणि ओरडणारं सगळं रान गप्प झालं. लोरेन्झ दहा ग्रॅमचा दर विसरला. त्या जनावराकडे त्याने पहिल्यांदाच नुसतं पाहिलं, आणि मग बायकोकडे पाहिलं. एवढी देखणी बाई आपल्याला कशी मिळाली, असं त्याला खरोखर वाटलं, आणि या वेळी त्याला कुणाशी तुलना सुचली नाही.

सूर संपले. दर आठवला.

शिकारघरात पांक्राट्सने आपल्या लटकत्या काट्यावर उकळलेली शिंगं टांगली आणि शीळ घातली. "दहा किलो दोनशे. पण ओली आहेत, वाळतील! मांस लटकवलं की वजन उतरतं, माझा धंदाच आहे तो." दहाच्या खाली आली तर निदान दुप्पट दर टळणार होता. मग जे सुरू झालं ते शोमोजमध्ये अजून सांगतात म्हणे. शिंगं शेगडीजवळ ठेवली. मग अंगणात उन्हात. मग पांक्राट्सने इलदिकोबाईंचा केस वाळवायचा पंखा मागून आणला आणि शिंगांच्या बुडाशी असलेल्या कवटीच्या एकेका भोकात गरम हवा सोडत बसला. जेवायला उठायचं तर एकाने पंखा धरायचा, अशा पाळ्या लागल्या.

"हे नियमात बसतं का?" इलदिकोबाईंनी विचारलं.

"मी वाचलाय नियम," लोरेन्झ म्हणाला. "केसांच्या पंख्याबद्दल काही म्हटलेलं नाही."

सरकारी माणूस कधीच वेळेवर येत नाही, यावर त्याची सगळी भिस्त होती. स्वतः सरकारी असल्यामुळे ही श्रद्धा त्याच्या हाडात मुरलेली होती. तो संध्याकाळपर्यंत उशीर करो, उद्यावर टाको, त्याची मोटार बंद पडो. तो ठरल्या वेळेच्या आधी आला. स्वच्छ कपडे, स्वच्छ काटा, आल्याबरोबर हात धुऊन काम. आयुष्यात पहिल्यांदा लोरेन्झला वक्तशीर अधिकाऱ्याचा राग आला.

"दहा किलो चाळीस ग्रॅम," अधिकारी म्हणाले. मग त्यांनी फाटे मोजले, लांबी मोजली, आणि उभे राहून लोरेन्झचा हात हातात घेतला. "सुवर्णपदक. अभिनंदन, हुबमानसाहेब!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पालिंकाचे, तिथल्या फळांच्या दारूचे, पेले आले. लोरेन्झने रक्कम मनातल्या मनात केली. स्वयंपाकघराची कपाटं गेली, ओटा गेला, शेगडी गेली. उरला तो नळ. तो रोझविताकडे बघू शकेना.

इलदिकोबाई चतुर होत्या. त्यांनी त्याचा चेहरा वाचला. "एक सुचवू का? शिंगं इथेच ठेवा. दालनात लावू, खाली तुमचं नाव. असा नर भिंतीवर असला की आमच्याकडे पाहुणे वाढतील. मग वरच्या वजनाचे मी काही घेणार नाही. तुमचे पाच किलोचे पैसे द्या आणि मोकळे व्हा."

पांक्राट्सने खिशातून पेन काढून लोरेन्झपुढे धरलं, कारण आता हिशेब होणार हे त्याला शाळेपासून माहीत होतं.

"ठेवून घ्या," लोरेन्झ म्हणाला.

"काय?" पांक्राट्स म्हणाला. "अरे, कागद तरी घे!"

"कागद नको. हिचं स्वयंपाकघर आहे ते. ठेवून घ्या, बाई."

"नाही," रोझविता म्हणाली.

"रोझविता, तू मध्ये पडू नकोस. मी शब्द दिला होता."

"आणि कोपर मी मारलं होतं."

"ते कोपर तक्त्यात नव्हतं, मान्य. पण गोळी माझी."

"तू गप्प बस आणि ऐक." ती उठली. तिचे गाल लाल झाले होते. "सत्तावीस वर्षं तू जगातली प्रत्येक गोष्ट ताडून बघून सगळ्यात हलकी ती घरी आणलीस. फ्रिज हलका, पडदे हलके, तळ्यात पाणी हलकं. मी कधी बोलले नाही, कारण तू ते माझ्यासाठीच करायचास, वेड्या, हे मला कळत होतं. आत्ता तू एवढं मोठं काहीतरी क्षणात सोडून दिलंस, कागदसुद्धा घेतला नाहीस. मला जे मिळायचं होतं ते मिळालं. कपाटं येतील दोन वर्षांनी. मला कमरेची सवय आहे."

"पण रोझविता, दर दहा ग्रॅमला..."

"लोरेन्झ!"

बेर्त्सीकाकांनी टोपी डोळ्यांवर ओढली. पांक्राट्स उघड उघड रडत होता. खाटकाला चारचौघांत रडायची लाज नसते.

रोझविताने टेबलावरची शिंगं दोन्ही हातांनी उचलली. अधिकारी मदतीला पुढे झाले, तिने त्यांना मानेने बाजूला केलं. दारातून ती शिंगं सरळ बाहेर जाईनात, तेव्हा तिने ती एका बाजूला कलती केली, स्वतःही कमरेने तशीच झुकली आणि सहज बाहेर पडली. लोरेन्झने बिल भरलं. बक्षिशीसुद्धा दिली, तक्त्यात होती त्याहून जास्त.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर शिंगं पट्टा लावून बसली आणि पांक्राट्स त्यांच्या फाट्यांच्या मधून डोकं काढून. ऑस्ट्रियात एका पेट्रोल पंपावर मोटार थांबली तेव्हा हिरवी टोपी घातलेला एक अनोळखी म्हातारा काचेशी येऊन उभा राहिला. बराच वेळ त्याने आत पाहिलं. मग टोपी काढून लोरेन्झला वाकून नमस्कार केला.

"हंगेरी?" त्याने विचारलं.

"हंगेरी."

म्हातारा इकडेतिकडे बघून जवळ सरकला, आणि एक शिकारी दुसऱ्याला जे विचारतोच ते त्याने हळूच विचारलं. "राग मानू नका, पण... केवढ्याला पडला?"

पांक्राट्सने श्वास रोखला. रोझविता पेट्रोलची नळी हातात घेऊन वळली. लोरेन्झने तिच्याकडे पाहिलं, वाऱ्याने विस्कटलेल्या तिच्या केसांकडे पाहिलं, आणि आयुष्यात कधी नव्हती इतक्या खात्रीने म्हणाला,

"स्वस्तात पडला हो. फारच स्वस्तात."